वाघाची वाट

पाठ-परिचय

वन्य प्राण्यांचे रक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अभयारण्याचे फाटक, वनरक्षकांची चौकी आणि शिकारबंदीचा फलक उभा राहतो. परंतु वन्य प्राण्यांना अभयारण्याची सीमा ठाऊक नसते. ते सीमा ओलांडून शेतातून, ओढ्याकाठून, कधी गावाच्या शिवारातून एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. या वाटेवर त्यांना कोणते अडथळे येतात, ते दूर करण्यासाठी स्वयंसेवी संस्थांनी कोणते प्रयत्न केले आणि त्या प्रयत्नांना किती यश आले, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. पाठ वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवावा : माणसाला रस्ता हवा आणि वाघालाही वाट हवी, तर दोघांची गरज एकाच वेळी भागवता येते काय?

मूळ पाठ

१. जबलपूरच्या दक्षिणेस

नर्मदेच्या काठी वसलेले जबलपूर शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे सर्वत्र परिचित आहे. मध्य भारतातील मोठ्या अरण्यांचे प्रवेशद्वार ही या शहराची दुसरी ओळख होय. जबलपूरच्या ईशान्येस बांधवगड, आग्नेयेस कान्हा आणि दक्षिणेस महाराष्ट्राच्या सीमेला भिडलेले पेंच, ही तीनही व्याघ्र प्रकल्पांची अरण्ये येथून काही तासांच्या अंतरावर आहेत.

यांपैकी कान्हा आणि पेंच ही दोन अरण्ये नकाशावर वेगवेगळी दिसतात. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या दरम्यान मंडला, बालाघाट आणि सिवनी या जिल्ह्यांतील डोंगराळ जंगलाचा एक पट्टा पसरलेला आहे. हा पट्टा सलग नाही. मध्येच धानाची शेते लागतात, गोंड व बैगा आदिवासींची गावे लागतात, मोहाची झाडे असलेली माळराने लागतात. या पट्ट्यात राहणारी माणसे मोहाची फुले आणि तेंदूपाने गोळा करतात, गुरे चारतात आणि पावसाच्या भरवशावर शेती करतात. त्याच पट्ट्यातून वाघ, बिबटे, गवे आणि रानकुत्री ये-जा करतात. दोन अरण्यांना जोडणाऱ्या अशा पट्ट्याला 'भ्रमणमार्ग' असे म्हणतात.

२. भ्रमणमार्गाची आवश्यकता

वाघाला येवढी दूर जाण्याची गरज का पडते, हे समजून घेतले पाहिजे. वाघीण आपल्या पिलांना साधारणतः दोन वर्षे सांभाळते. त्यानंतर पिलांना स्वतःचा प्रदेश शोधावा लागतो. नर बछड्याला तर आईच्या प्रदेशात थारा नसतो; तेथील बलवान नर त्याला हुसकावून लावतो. अशा तरुण वाघाला रिकामी जागा मिळेपर्यंत चालत राहण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

पेंचच्या एका वाघिणीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २००८ मध्ये संशोधकांनी तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती, म्हणून लोक तिला 'कॉलरवाली' म्हणू लागले. तिने आपल्या आयुष्यात आठ वेळा मिळून २९ पिलांना जन्म दिला. त्यांपैकी बहुतेक पिले जगली. जानेवारी २०२२ मध्ये वार्धक्याने तिचा मृत्यू झाला, तेव्हा वनकर्मचारी आणि आसपासचे गावकरी यांनी तिच्यावर अंत्यसंस्कार केले. एका वाघिणीची येवढी पिले एकट्या पेंचच्या जंगलात सामावणे शक्य नाही. त्यांना बाहेर पडण्यासाठी वाट नसेल, तर ती आपसांत झुंजून मरतात किंवा गावांच्या आसपास घुटमळत राहतात. यांतील कोणतीही गोष्ट वाघाच्या हिताची नाही आणि माणसाच्याही हिताची नाही.

भ्रमणमार्गाचे दुसरे कारण रक्तसंबंधाशी निगडित आहे. आपल्याकडे अनेक समाजांत सगोत्र विवाह टाळण्याची प्रथा आहे. जवळच्या नात्यातील नर-मादीची संतती पिढ्यान्पिढ्या होत गेली, तर ती दुर्बल होत जाते आणि रोगांना सहज बळी पडते. चहूबाजूंनी शेते व रस्ते यांनी वेढलेले जंगल हे पाण्यातील बेटासारखे असते. तेथील वाघांना बाहेरचा जोडीदार मिळत नाही. भ्रमणमार्ग शाबूत असेल, तर दुसऱ्या अरण्यातील नर तेथे येतो आणि वंशात नवे रक्त मिसळते. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट या अरण्यांतील वाघांच्या विष्ठेचे नमुने गोळा करून शास्त्रज्ञांनी त्यांच्या जनुकांची तुलना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून, या अरण्यांमधील वाघांचे नाते अद्याप तुटलेले नाही आणि ते टिकण्याचे श्रेय मधल्या जंगलपट्ट्यांना आहे, असे दिसून आले.

वाघ आपली वाट किती जिद्दीने शोधतो, याचा प्रत्यय २००९ मध्ये आला. शिकारीमुळे पन्ना अभयारण्यातील सर्व वाघ नष्ट झाले होते. तेथे पुन्हा वाघ वसवण्यासाठी कान्हा व बांधवगड येथून एकेक वाघीण आणि पेंचहून एक नर वाघ नेण्यात आला. 'टी-३' असे नाव मिळालेला हा नर नोव्हेंबर महिन्यात पन्नात सोडण्यात आला; पण थोड्याच दिवसांत तो अरण्याबाहेर पडून दक्षिणेकडे, म्हणजे आपल्या जन्मभूमीच्या दिशेने, चालू लागला. वनकर्मचारी हत्तींवरून व पायी जवळजवळ महिनाभर त्याच्या मागावर होते. अखेर २५ डिसेंबर रोजी दमोह जिल्ह्यात त्याला बेशुद्ध करून परत पन्नात आणण्यात आले. पुढे एप्रिल २०१० मध्ये त्याची पहिली पिले पन्नात जन्मली आणि तेथील वाघांचा वंश नव्याने सुरू झाला.

३. रस्ता आणि वाट यांचा संघर्ष

वाराणसीहून जबलपूर व नागपूरमार्गे कन्याकुमारीला जाणारा रस्ता पूर्वी 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७' म्हणून ओळखला जात असे. सिवनीच्या दक्षिणेस कुरईचा घाट उतरून तो खवासा येथे महाराष्ट्रात प्रवेश करतो आणि देवलापार व मनसर या गावांवरून नागपूरला पोहोचतो. आज त्याचा हा भाग 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४' मध्ये समाविष्ट आहे. सिवनी ते मनसर या टप्प्यात हा रस्ता पेंचच्या जंगलाला लागून जातो. म्हणजेच पेंचहून कान्ह्याकडे जाणाऱ्या वन्य प्राण्यांची वाट तो आडवी कापतो.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी श्रीनगर ते कन्याकुमारी हा उत्तर-दक्षिण महामार्ग चौपदरी करण्याचे काम देशभर सुरू झाले. सिवनी-नागपूर हा टप्पा त्याचाच भाग होता. दुपदरी रस्ता रात्रीच्या वेळी एखादा प्राणी कसाबसा ओलांडू शकतो. चौपदरी रस्त्यावरून वेगाने धावणाऱ्या वाहनांचा अखंड ओघ, मधला दुभाजक, दिव्यांचा झगमगाट आणि कर्कश आवाज यांमुळे तीच वाट त्याला जवळजवळ बंद होते.

या टप्प्यावर वन्यजीव क्षेत्रातील स्वयंसेवी संस्था पुढे आल्या. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या 'वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया' या संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे मांडला. रस्ता छिंदवाड्यावरून वळवावा, असा पर्याय सुचवण्यात आला. नागपूर येथील 'सृष्टी पर्यावरण मंडळ' या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. प्रकरण अनेक वर्षे चालले आणि जंगलातील टप्प्याचे काम रखडले.

या वादाची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. रखडलेला रस्ता खड्ड्यांनी भरून गेला होता. सिवनीचा रुग्ण नागपूरच्या इस्पितळात न्यायचा, तर याच रस्त्याने न्यावा लागे. शेतमाल बाजारात पोहोचवणारा शेतकरी, मालमोटारीचा चालक, परीक्षेला निघालेला विद्यार्थी या सर्वांना चांगला रस्ता हवा होता आणि ही मागणी अन्यायाची नव्हती. 'माणसे महत्त्वाची की वाघ?' असा प्रश्न त्या काळात वारंवार विचारला गेला. परंतु हा प्रश्न विचारण्याची रीतच सदोष होती. खरा प्रश्न 'रस्ता हवा की नको' हा नसून 'रस्ता कसा असावा' हा होता.

या प्रश्नाचे उत्तर डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधले. ही शासकीय संस्था आहे. प्राणी नेमके कोठे रस्ता ओलांडतात, याचा अभ्यास करून तिने त्या जागी रस्ता खांबांवर उचलावा, म्हणजे वरून वाहने आणि खालून प्राणी जाऊ शकतील, असे सुचवले. यासाठी खर्च अधिक येणार होता. तरीही न्यायालयीन लढ्यामुळे आणि जनमताच्या दबावामुळे हा खर्च अखेर मान्य झाला. महाराष्ट्रातील भागात असे नऊ मार्ग बांधण्यात आले; त्यांत पाच प्राण्यांसाठीचे भुयारी मार्ग आणि चार लहान पूल आहेत. सर्वांत लांब मार्ग सुमारे ७५० मीटरचा आहे. मध्य प्रदेशातील मोहगाव ते खवासा या २९ किलोमीटरच्या टप्प्यात १४ भुयारी मार्ग बांधले गेले आणि रस्त्याच्या कडेला आवाज व प्रकाश अडवणाऱ्या उंच भिंती उभारण्यात आल्या. हे काम २०२१ मध्ये पूर्ण झाले.

प्राणी या मार्गांचा उपयोग करतील काय, याविषयी अनेकांना शंका होती. म्हणून महाराष्ट्रातील नऊ मार्गांखाली स्वयंचलित कॅमेरे बसवण्यात आले. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात १८ जातींच्या वन्य प्राण्यांची छायाचित्रे त्यांनी टिपली. त्यांत चितळ, सांबर, नीलगाय, गवा, रानडुक्कर, रानकुत्रा आणि बिबट्या होते. अकरा वाघ मिळून ८९ वेळा या पुलांखालून गेल्याचे आढळले. वरून मालमोटारी नागपूरकडे धावत होत्या आणि त्याच वेळी खालून वाघ आपल्या वाटेने जात होता.

४. गावातील कार्य

न्यायालयातील लढा वर्तमानपत्रांत गाजतो. स्वयंसेवी संस्थांचे बरेचसे काम मात्र भ्रमणमार्गातील गावांत, कोणताही गाजावाजा न होता चालते. कारण भ्रमणमार्ग टिकेल की नाही, हे अखेरीस तेथे राहणाऱ्या माणसांच्या मनावर अवलंबून असते.

एका लहान शेतकऱ्याची दुभती गाय वाघाने मारली, अशी कल्पना करावी. त्या घराची संपूर्ण मिळकत एका रात्रीत नाहीशी होते. शासनाकडून नुकसानभरपाई मिळते, परंतु पंचनामा, अहवाल आणि मंजुरी या सर्व पायऱ्या पार पडेपर्यंत दिवस जातात. शेतकऱ्याचा राग मात्र त्याच दिवशी अनावर असतो. वाघ आपल्या शिकारीवर पुन्हा येतो, हे त्याला ठाऊक असते. मेलेल्या गाईच्या मांसावर कोणी विष टाकले, तर एका गाईच्या बदल्यात वाघीण आणि तिची पिले यांचा बळी जाऊ शकतो.

हा अनर्थ टाळण्यासाठी तातडीच्या मदतीची योजना आखण्यात आली. 'वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर-इंडिया' आणि 'कॉर्बेट फाउंडेशन' या संस्थांनी उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात १९९० नंतरच्या दशकात ती सुरू केली. कान्ह्याच्या परिसरातही पुढे हीच पद्धत अवलंबण्यात आली. गुरे मारली गेल्याची सूचना मिळताच संस्थेचा कार्यकर्ता घटनास्थळी पोहोचतो, पाहणी करतो आणि मालकाला थोडी रक्कम लगेच देतो. मेलेले जनावर जागेवरून हलवायचे नाही, येवढीच अट असते. ही रक्कम पूर्ण नुकसान भरून काढत नाही. शासकीय भरपाई नंतर स्वतंत्रपणे मिळते. परंतु संकटाच्या घडीला कोणीतरी दारात आले, आपली दखल घेतली, या जाणिवेने राग शांत होतो. वाघही आपले भक्ष्य खाऊन निघून जातो आणि त्याला दुसरे जनावर मारण्याची गरज पडत नाही.

याशिवाय मध्य भारतातील या पट्ट्यात अनेक संस्था निरनिराळी कामे करतात. 'सातपुडा फाउंडेशन', मुंबईची 'वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन ट्रस्ट' यांसारख्या संस्था गावकरी आणि वनकर्मचारी या दोघांसोबत काम करीत आल्या आहेत. गुरांना लाळ्या-खुरकूत यांसारख्या रोगांची लस टोचली, तर गुरांचा रोग जंगलातील गवे व हरणे यांच्यात पसरत नाही. सरपण कमी लागणारी चूल घरात आली, तर स्त्रीची जंगलातील पायपीट वाचते आणि जंगलही वाचते. पहाटे जंगलात मोहाची फुले वेचणाऱ्यांनी एकट्याने न जाता गटाने जावे, हे समजावून सांगितले, तर माणसांवरील हल्ले टळतात. रानडुकरांसाठी शेताच्या कडेला चोरून सोडलेल्या वीजप्रवाही तारेने वाघही मरतो आणि कधी शेजारचा शेतकरीही मरतो. म्हणून अशा तारा शोधून काढण्याच्या कामात वनविभागाला साहाय्य केले जाते.

स्वयंसेवी संस्थांना जंगलावर कोणताही अधिकार नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकाऱ्याला अटक करण्याचा, अभयारण्य घोषित करण्याचा अधिकार शासनाला दिला आहे. संस्थांच्या हाती असतात ती दोनच साधने : अचूक माहिती आणि लोकांचा विश्वास. माहिती अभ्यासाने मिळते. विश्वास मिळण्यास वर्षे लागतात आणि तो एका चुकीनेही गमावला जाऊ शकतो.

५. अपुरे राहिलेले काम

वाघांच्या संख्येकडे पाहिले, तर समाधान वाटावे अशी स्थिती आहे. २००६ च्या गणनेनुसार देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज होता. २०२२ च्या गणनेत ही संख्या ३,६८२ पर्यंत पोहोचली आणि त्यांपैकी ७८५ वाघ मध्य प्रदेशात असल्याचे आढळले. परंतु वाघ वाढले म्हणजे वाट शोधणारे तरुण वाघही वाढले. त्या प्रमाणात जंगल वाढलेले नाही.

दरम्यान नवे अडथळे उभे राहिले आहेत. जबलपूरहून नैनपूरमार्गे बालाघाट व गोंदियाकडे पूर्वी नॅरोगेजची लहान गाडी धावत असे. तिचा वेग इतका कमी होता की प्राण्यांना बाजूला होण्यास वेळ मिळे. २०१५ मध्ये जबलपूर-नैनपूर भागातील ही गाडी थांबली आणि पुढील काही वर्षांत तेथे ब्रॉडगेजचा मार्ग झाला. या मार्गामुळे जबलपूर व गोंदिया यांच्यातील प्रवास सुकर झाला, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु हा लोहमार्गही कान्हा-पेंच भ्रमणमार्गातून जातो आणि आता त्यावरून वेगवान गाड्या धावतात. रस्त्याच्या बाबतीत जो विचार झाला, तोच येथेही होणे अगत्याचे आहे.

आणखी एक बाब नमूद केली पाहिजे. वन्यजीव संरक्षणासाठी मोठी किंमत मोजणाऱ्यांत आदिवासी समाज अग्रभागी आहे. कान्ह्याचे अरण्य सुरक्षित करताना तेथील बैगा व गोंड यांच्या अनेक वस्त्या हलवण्यात आल्या. आपली भूमी सोडताना त्यांना झालेले दुःख आणि त्यानंतर भोगावे लागलेले हाल विसरता येणार नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. वन्य प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थांनी या हक्काकडे पाठ फिरवली, तर त्यांचे काम लोकांना आपले वाटणार नाही. भ्रमणमार्ग हा तर माणसांना न हटवता, माणसांच्या सोबतीनेच राखायचा प्रदेश आहे.

६. समारोप

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. अरण्ये, सरोवरे, नद्या आणि वन्य जीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे. हे कर्तव्य केवळ जंगलाजवळ राहणाऱ्यांचे नाही. जबलपूरहून नागपूरला जाणारा प्रवासी जंगलाच्या टप्प्यात वाहनाचा वेग कमी करतो, खिडकीतून खाद्यपदार्थ फेकत नाही, तेव्हा तोही ते पार पाडत असतो.

खवाशाजवळच्या पुलावरून जाताना खालची वाट प्रवाशाला दिसत नाही. ती मोकळी राहावी म्हणून कोणी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या, कोणी भर उन्हात प्राण्यांच्या पाऊलखुणा मोजल्या, तर कोणा गरीब शेतकऱ्याने आपली गाय गमावूनही विषाच्या बाटलीला हात लावला नाही. या सर्वांनी मिळून ती वाट राखली आहे.

शब्दार्थ

शिवार – गावाच्या हद्दीतील शेतजमीन
थारा – आश्रय, जागा
शाबूत – न तुटलेले, सुस्थितीत असलेले
दाद मागणे – न्याय मागणे
पंचनामा – पंचांसमक्ष केलेली घटनेची लेखी नोंद
अनावर – आवरता न येणारा
अगत्याचे – अत्यंत आवश्यक

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दोन अरण्यांना जोडणाऱ्या जंगलपट्ट्याला काय म्हणतात?
(आ) 'टी-३' हा वाघ पन्ना येथून कोणत्या दिशेने निघाला?
(इ) महाराष्ट्रातील भागात प्राण्यांसाठी किती मार्ग बांधण्यात आले?

२. कारणे द्या.
(अ) तरुण नर वाघाला आपले जन्मस्थान सोडावे लागते.
(आ) गाय मारली गेल्यावर तिच्या मालकाला तातडीने मदत देणे आवश्यक असते.

३. 'माणसे महत्त्वाची की वाघ?' हा प्रश्न विचारण्याची रीत सदोष आहे, असे पाठात का म्हटले आहे? आपल्या शब्दांत लिहा.

४. आपल्या गावाजवळून किंवा वस्तीजवळून जाणाऱ्या एखाद्या रस्त्यामुळे, कालव्यामुळे किंवा लोहमार्गामुळे माणसांच्या व प्राण्यांच्या ये-जा करण्यात कोणता बदल झाला, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या आणि दहा ओळींत लिहा.